साखरशाळा बंद झाल्या ते बरंच झालं!

कासारचा मास्तर: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "साखरशाळा बंद करून सरकारने ऊसतोड मजुरांच्या पोरांचं वाटोळं केलं. गावाकडची हंगामी वसतिगृहं म्हणजे कागदी घोडे. कारखान्यावर शाळा पुन्हा चालू करा." गप्प बसणार होतो, पण राहवेना. साखरशाळा, म्हणजे साखर कारखान्यावरची मजुरांच्या पोरांची हंगामी शाळा, कधी पाहिलीय का तुम्ही? पत्र्याचं छप्पर, एक शिक्षक, चार वर्ग एकत्र. मजुरांची टोळी दुसऱ्या फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, गेली की पोरगं गायब. पाडव्याला गावी आलं की नाव आमच्या पटावर, आणि कुठवर शिकलंय ते त्यालाही सांगता येत नाही. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येकाला नियमित शाळेचा हक्क दिला, तेव्हा असल्या शाळा मागे पडणारच होत्या. पोरं गावात आजीजवळ राहावीत, आपल्याच शाळेत बसावीत. हंगामी वसतिगृह त्यासाठीच आहे: जेवण शाळेत, झोपायला आजीकडे.

कोपीतली लेक: कुठली आजी, मास्तर? माझी आजी स्वतः कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, होती. आईबाप पहाटे अंधारात फडात जायचे आणि मी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसायची. साखरशाळा कशीही असो, धाकट्याला मांडीवर घेऊन बसू द्यायचे. तुमच्या वसतिगृहात तान्हं घेतात?

कासारचा मास्तर: तान्ह्यांसाठी अंगणवाडी आहे.

कोपीतली लेक: तीन वर्षांच्या आतल्याला अंगणवाडी घरपोच आहार देते, दिवसभर सांभाळत नाही. आणि कोपीवर घरपोच घेऊन कोण येतं?

इंदापूरचा ऊसवाला: पोरं आणायला सांगतं कोण? मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळीसकट पळतो, त्यावर काढा की धागा. आमचा ऊस वाळतो इकडे.

बिनधास्त बीडकर: कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, पैसे जोडीचेच. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करणारं दहा वर्षांचं पोर तुम्हाला फुकटात मिळतं. मुकादमाचं रडगाणं दुसरीकडे गा.

कोथरूडकर: वाद कशाला? आमचा ग्रुप दर जानेवारीत कारखान्यावर ब्लँकेटं आणि वह्या वाटतो. मुलांच्या चेहऱ्यावरचं हसू बघायला या एकदा.

बिनधास्त बीडकर: आलं ब्लँकेट! पोरं ओळीत उभी करायची, फोटो होईपर्यंत गठ्ठा सोडायचा नाही. सोसायटीतल्या पोरांचे असे शेंबडासकट फोटो टाकाल का हो?

कोथरूडकर: फोटोशिवाय देणगीदार पैसे देत नाहीत. घरी बसून टीका सोपी असते.

कोपीतली लेक: मला एकदा गुलाबी स्वेटर मिळालं होतं, बाह्या गुडघ्यापर्यंत. फोटो काढला. पुढच्या वर्षी तोच फोटो कुठल्याशा संस्थेच्या कॅलेंडरवर, खाली 'अनाथ बालिका'. बाप तेव्हा शेजारीच उभा होता, त्याला फ्रेमबाहेर सरकवलं होतं.

कोथरूडकर: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

कासारचा मास्तर: फोटोचं तर माझ्यापुढे नावच काढू नका. पोरं जेवताना फोटो, हजेरीला फोटो, सगळे वर पाठवायचे. अनुदान मात्र हंगाम उलटल्यावर. तोवर किराण्याची उधारी मुख्याध्यापकाच्या नावावर, आणि दुकानदार भर बाजारात हटकणार.

बिनधास्त बीडकर: म्हणजे कागदी घोडे खरेच निघाले की!

कासारचा मास्तर: बरं, किराण्यापुरतं मान्य. झालं समाधान? तरी सांगतो, गावात राहिलेलं पोरगं दहावीपर्यंत जातं.

कोपीतली लेक: पोरगं जातं. पोरगी बारा-तेराची झाली की मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिला फडावर नेतात, नाहीतर उजवून मोकळे होतात. लग्न झालं की नवा कोयता तयारच. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली, ती पाचवीपासून पुढची. मुलींसाठी तिथे जागा वाढवा म्हणा, मी तुमच्या बाजूने भांडेन. तान्ह्यांचा प्रश्न तरी उरतोच.

कोथरूडकर: ठीक आहे, यंदा फोटो नाही. ब्लँकेटं आणायची की नाही तेवढं सांगा.

कोपीतली लेक: आणा, पण जानेवारीत नको, तोवर निम्मी थंडी कुडकुडून झालेली असते. दिवाळी झाली की लगेच या. आणि त्याच पैशात कोप्यांवर तान्ही सांभाळायला पगारी बाई ठेवता येते का बघा.

बिनधास्त बीडकर: ठेवतील. मग त्या बाईचा फोटो काढतील.