झाकणांवर शाई फाटतेय, शनिवारी माल द्यायचाय. मदत हवी आहे

साचेवाला: जळगाव एमआयडीसीत छोटं मोल्डिंग आहे. डब्यांच्या झाकणांवर स्क्रीन प्रिंटिंगही आम्हीच करतो. सोमवारपासून शाई मारली की मिनिटभरात जागोजागी गोल भोकं पडतात, कडेला शाई गोळा होते. शाई बदलली, स्क्रीन बदलली, फरक नाही. चार हजार नग बाकी. लवकर सांगा.

रसायनमास्तर: प्लॅस्टिक कोणतं? छापण्याआधी फ्लेम मारता का, म्हणजे शाई धरावी म्हणून ज्योत फिरवता का? एवढंही लिहिलं नाही.

साचेवाला: पीपीच (पॉलिप्रॉपिलीन), अजून कशाची असतात झाकणं? फ्लेम मारतोच. दोन वर्षं हेच चाललंय.

छापखाना_धुळे: फ्लेम कमी पडतेय. डाइन पेन (पृष्ठभाग शाई धरेल का ते दाखवणारं) फिरवून बघा, ३८ डाइनच्या खाली शाई धरत नाही. ज्योत निळी ठेवा.

रसायनमास्तर: फ्लेम कमी असेल तर वाळलेली शाई नखाने सुटते. ओल्या शाईत गोल भोकं म्हणजे सिलिकोन, माल साच्याला चिकटू नये म्हणून मारतात त्या स्प्रेतलं तेल. साच्याला स्प्रे कोणता मारता?

भट्टीवाला: मनं ऐक भो, सिलिकेट वापर. आमच्याकडे ओतकामाच्या वाळूत सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइड सोडला की साचा मिनिटात दगड!

रसायनमास्तर: काका, तुमचा साचा वाळूचा, त्यांचा पोलादाचा. सिलिकेट-सिलिकोनचं मूळ एकच हे खरं. वाळू म्हणजे सिलिका. ती कोळशासोबत विजेच्या भट्टीत तापवली की सिलिकॉन हे मूलद्रव्य मिळतं. त्यावर तांब्याच्या उत्प्रेरकासह ३०० अंशांच्या आसपास मिथाइल क्लोराइड सोडतात, जे क्लोरोसिलेन निघतात त्यांची पाण्याशी गाठ घातली की सिलिकोन. पण स्वभाव उलटा. सिलिकेट चिकटवतं, सिलिकोन कशालाच चिकटू देत नाही.

साचेवाला: तास नंतर घ्या सर. या साच्याला स्प्रे मारतच नाही.

रावेरची_केळी: करप्याच्या फवारणीत सिलिकोन स्टिकर (औषध पानावर टिकवणारं) टाकतो ते हेच का? केळीच्या पानावरून पाणी गोळ्या होऊन घरंगळतं, ते टाकलं की पसरतं. मग यांची शाई पळते कशी?

रसायनमास्तर: प्रश्न चांगला आहे. स्टिकरमधल्या सिलिकोनला पाण्याशी जमवून घेणारी शेपटी जोडलेली असते, म्हणून ते पाण्यात मिसळून त्याचा पृष्ठताण उतरवतं. स्प्रेतल्या तेलाला शेपटी नाही. ते ठिपक्यासारखं बसतं आणि शाई त्याच्यापासून मागे सरते.

रावेरची_केळी: जास्त झालं तर पान जळतं का?

साचेवाला: भाऊ, केळीचा वेगळा धागा काढा ना.

भुसावळकर: शेजारच्या मशीनवर कोणी स्प्रे मारतंय का? हवेतून येतो तो.

साचेवाला: हो! सोमवारीच तिथे बादलीचा साचा चढवला. माल अडकतो म्हणून पोरगा पाच-सहा शॉटला एकदा फवारतो. आणि कूलर त्याच्या पाठीमागे, तोंड माझ्या टेबलाकडे.

छापखाना_धुळे: मग झाकणं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून घ्या, झालं.

रसायनमास्तर: नाही! आयपीएत सिलिकोन धड विरघळत नाही, फक्त पसरतं. हेक्झेन घ्या, दर पुसणीला कापडाची नवी बाजू. पूर्ण सुकल्यावरच फ्लेम, आणि हेक्झेनचा डबा बर्नरजवळ नको, वाफ पेट घेते. तिकडे बिनसिलिकोनचा, पेंट चालणारा स्प्रे द्या. टेबलावरच्या जुन्या चिंध्या फेका. आधी वीस झाकणं मशीनमधून थेट पिशवीत घेऊन दुसऱ्या शेडमध्ये छापून बघा.

साचेवाला: छापली. एकोणीस स्वच्छ. विसाव्याला एक भोक आहे, ते पोराने हाताळलं होतं. कूलर बंद केलाय, सगळे घामाघूम. हेक्झेन उद्या सकाळी येतंय.

रावेरची_केळी: मास्तर, पानाचं राहिलं.