मोबाइलवर खापर फोडणाऱ्यांसाठी

अनुस्वार: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'खोट्या व्हिडिओंनी निवडणूक फिरली तर ती रद्दच करा, रोमानियाने केली तशी.' रात्रभर डोक्यात किडा वळवळला. नोव्हेंबर २०२४ ला तिथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत टिकटॉकवर गाजलेला उमेदवार जॉर्जेस्कू पुढे आला. ६ डिसेंबरला घटना न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, तीही परदेशातल्या रोमानियनांचं दुसऱ्या फेरीचं मतदान सुरू झालेलं असताना! पुढे त्याला उभंच राहू दिलं नाही. ही लोकशाही? १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये मतदानाला चार दिवस असताना डेली मेल या वृत्तपत्राने सोव्हिएत कम्युनिस्ट पुढारी झिनोव्हिएव्हच्या नावाचं बनावट पत्र छापलं. तेव्हा कुठला मोबाइल होता?

खडूस: सोयीचं तेवढंच सांगा. त्या जॉर्जेस्कूने प्रचारखर्च शून्य दाखवला होता. शून्य! आणि पत्र छापणाऱ्याचं नाव निदान पेपरवर होतं. स्लोव्हाकियात २०२३ ला मतदान दोन दिवसांवर आणि विरोधी नेता शिमेच्काच्या आवाजात बनावट ऑडिओ, मतं कशी विकत घ्यायची त्याची. वर प्रचारबंदी. खुलासा करणार कधी?

अनुस्वार: त्या ऑडिओमुळेच शिमेच्का हरला, याला पुरावा?

निमूट: पुराव्याचं माहीत नाही, घरचं सांगते. मावशीला असाच एका नेत्याचा आवाज आला. म्हटलं, नीट ऐक, हा माणूस दीड मिनिटात एकदाही श्वास घेत नाही. तिने दोनदा ऐकलं. म्हणाली, "आवाज खोटा असेल गं, पण बोलला असेल तो असंच." आता बोला.

बोरू: मूळ रोग यंत्रं, त्यावर कुणी बोलू नका. जर्मनीत २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रं २००९ मध्ये घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तज्ज्ञ नसलेल्यालाही मोजणी तपासता आली पाहिजे, म्हणून.

खडूस: आले! धागा कशाचाही असो, हे यंत्र काखोटीला मारून हजर. ब्राझीलमध्ये १९९६ पासून यंत्रं आहेत. २०१८ ला बोल्सोनारो अध्यक्षपद जिंकला तेव्हाही तीच होती. २०२२ ला हरला आणि यंत्रं बदनाम.

बोरू: हरणारा रडतो म्हणून तपासणीच नको? धन्य आहे.

मोजदाद: मी कागदी मतं मोजलीत. रात्री अडीचला एक गठ्ठा दोनने कमी भरला. सगळं पुन्हा पहिल्यापासून. निघालं काय, तर बोटाला थुंकी लावून मोजणाऱ्याकडून कागद चिकटलेले. सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी डोकी खुपसून बघत होते, म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. बोरूंचं म्हणणं पटतं. सूर नाही पटत.

खडूस: आणि चिकटलेले कागद सोडवताना कुणी शूटिंग करून 'बघा, मतं घुसवतायत' असं टाकलं असतं तर? अमेरिकेत डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांबद्दल खोटं पसरवल्याच्या दाव्यात फॉक्स वृत्तवाहिनीने २०२३ ला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. मानणारे अजून मानतातच.

मोजदाद: टाकलं होतं. अकरा सेकंदांचं. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर मलाच आलं. त्यात हात माझाच होता, घड्याळावरून ओळखला.

बोरू: मग खुलासा केलात ना?

मोजदाद: केला. काकांनी खाली अंगठा दिला आणि व्हिडिओ पुढे पाठवला.

अनुस्वार: रोमानियाबाबत मी हटणार नाही. पण मोजदाद, ते अकरा सेकंद अजून असतील तर टाका इथे. नको, राहू द्या.