मांजर आवाजाला घाबरतं तेव्हा तुम्ही काय करता?

महालची_सुमी
आज नागपुरात मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. सकाळपासून ढोल-ताशे आणि "घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या चालू आहेत, आणि आमची नवी चिंगी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसली आहे. तिला तिथे पाहिलं आणि ठमी आठवली.

मी नववीत होते. अशाच दिवशी ठमी दिवाणाखाली शिरली, पार भिंतीला टेकून. जवळ घेतलं की शांत होईल असं वाटून मी तिला पुढचे पाय धरून ओढलं. तिने कोपरापर्यंत बोचकारलं. त्याचं काही नाही, पण पुढे तीन दिवस मी खोलीत आले की ती उठून जायची. ढोलाची भीती होतीच, त्यात मी माझी भर घातली. अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी आजीने आदल्या रात्रीच कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, जुनं लुगडं अंथरलं, दार वीतभर उघडं ठेवलं, रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या. मिरवणूक आली तेव्हा ठमीला हाकसुद्धा मारली नाही. शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली. दुपारी ठमी आपणहून निघाली आणि आजीच्या मांडीला घासून गेली.

आता गणपती, मग दिवाळी. तुमच्याकडचं लिहा.

बोक्याची_आई
बाथरूममध्ये, बादलीमागे. ओढायचं नाहीच. मी पाणी अन् मातीचा ट्रे तिथेच नेऊन ठेवते, नाहीतर शू धरून बसतो.

खामल्याचा_पक्या
सुमीताई, दिवाळीची तयारी आतापासून करा. मी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावायचो, इतका बारीक की मला कान द्यावा लागे. मांजरांना माणसापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, साधारण ६४ किलोहर्ट्झपर्यंत, आपलं २० ला संपतं. आवाज चालू की उकडलेल्या चिकनचे तुकडे, बंद की तेही बंद. रोज पाच मिनिटं. खाणं सोडून कान मागे पाडले की आवाज कमी करायचा. एकदा मी घाई केली, एकदम वाढवला, तर आठ दिवस ती त्या खोलीत आली नाही. पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीत पलंगाखाली गेली, पण संध्याकाळचं जेवली. आमच्यासाठी तेवढंच खूप होतं.

रेवती_क
आमची ढोलाला घाबरत नाही, कूलरला घाबरते! एप्रिलमध्ये पहिल्यांदा सुरू केला की थेट सज्ज्यावर.

बोक्याची_आई
रेवती, ताट्या खसच्या टाकता का लाकडाच्या भुशाच्या? आमच्या दरवर्षी कुजून राहिल्या.

रेवती_क
खस. वास छान येतो, पण महाग पडते. पाणी मात्र रोज बदला.

पांढऱ्याचा_बाबा
आमचा पांढरा, निळ्या डोळ्यांचा. अशा मांजरांमध्ये बहिरेपण बरंच असतं, यालाही ऐकू येत नाही. लक्ष्मीबॉम्ब फुटला तरी झोपलेला. पण डीजेची गाडी गल्लीत आली की फरशी हादरते, तेव्हा दचकून उठतो. म्हणून त्याची गादी फरशीवरून उचलून खुर्चीवर ठेवली.

अंबाझरीकाठ
२२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र, नागपुरातल्या पुराची. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना सांगायला नको. वीज गेलेली, ढगांचा गडगडाट, आणि माऊ पिंजऱ्यात जाईना, कारण पिंजरा म्हणजे डॉक्टर हे तिला पक्कं माहीत. टॉवेलात गुंडाळून वर नेली. तेव्हापासून पिंजरा वर्षभर हॉलमध्ये उघडा असतो, आत माझी जुनी गोदरी. आता ढग वाजले की ती आपली आपण आत जाते. मीही जवळ बसतो. मलाही अजून झोप लागत नाही त्या आवाजात.

महालची_सुमी
दादा, वाचून पोटात कालवलं. काळजी घ्या दोघंही.

धंतोली_काकू
बाई गं, एक लक्षात ठेवा सगळे. घाबरून एक दिवस पूर्ण जेवलं नाही तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. बोका ट्रेत बसून जोर लावतोय अन् शू होत नाही, तर त्याच घटकेला न्या, रात्र असो की दिवाळी, जीवावर बेततं. आणि माणसाची पॅरासिटामोल अजिबात नको, मांजराला विष आहे ते. आमच्या घाबरटाला डॉक्टरांनी वजन करून गोळी लिहून दिली, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची.

खामल्याचा_पक्या
काकू, हे बरं केलं लिहिलं. पट्ट्यावर फोन नंबरही घाला लोकहो. उघड्या दारातून पळालेलं मांजर मी तीन रात्री शोधलं. शेवटी दोन घरं सोडून पाण्याच्या टाकीखाली सापडलं.

रेवती_क
मिरवणूक बडकस चौकाकडे गेली का? भावाला इतवारीत जायचं आहे.

महालची_सुमी
इथून पुढे गेली, आवाज लांबून येऊन राहिला. मी कपाटाजवळ तूर निवडत बसले आहे. दाराच्या फटीतून मिशा दिसतात. थांबा, पाय बाहेर आला एक.