घर नवरात्रात पाहावे
पितृपंधरवड्यात सोलापुरात घरांचे व्यवहार थंडावतात आणि दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्याने तेव्हा बुकिंगला गर्दी होते, हे सोलापुरात घर कधी घ्यावे यावरच्या एका लेखात वाचले, ते पटते. मात्र दसऱ्यालाच घर पाहून लगेच विसार द्यावा, हा त्यातला सल्ला मला मान्य नाही. पूर्व भागातला आमचा फ्लॅट आम्ही नवरात्रातल्या एका संध्याकाळी पाहिला, तेव्हा पार्किंगमध्ये तेलुगू भाषक बायका झेंडूने रचलेली बतुकम्मा, म्हणजे देवी मानून पुजायची फुलांची रास, मधोमध ठेवून फेर धरत होत्या. फेर थांबल्यावर त्यांतल्या एका मावशींनी पाणी किती दिवसांआड येते, टाकी केव्हा तळाला जाते आणि टँकरची वर्गणी कशी निघते, हे सारे माझ्या पत्नीला सविस्तर सांगितले. दलालाने चार भेटींत यातले अवाक्षरही काढले नव्हते. विसार आम्ही त्यानंतर, बोअरची दुरुस्ती करारात लिहून घेऊनच दिला.