गुटखाबंदी, तंबाखू, मशेरी : तुमच्या घरात काय बदललं?

पेठकरीण :
परवा मंडईजवळच्या टपरीवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसल्या आणि एकदम २०१२ च्या आधीचे दिवस आठवले. तेव्हा त्या जागी गुटख्याच्या माळा असायच्या, शाळेत जाताना डोक्याला लागायच्या. त्या जुलैत राज्यात बंदी आली तोवर काकांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. साधं वरण झोंबायचं त्यांना, काकू भाकरी दुधात कुस्करून द्यायची. बंदीनंतर पुडी समोर दिसेनाशी झाली आणि त्यांची हळूहळू सुटली. तोंड मात्र पहिल्यासारखं उघडलं नाही. तुमच्याकडे काय झालं? चांगलं वाईट दोन्ही लिहा.

हडपसर मुकादम :
साइटवर रोज बघतो ताई. एका पुडीच्या दोन झाल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, पोरं तळहातावर एकत्र करतात. बाहेरून चोरून येतं आणि दुप्पट पैसे मोजतात. पुढे सुगंधी तंबाखू, मावासुद्धा बंदीत आला, पण आदेश एकेक वर्षाचा. दरवर्षी नवा काढावा लागतो. कायमचा कायदा करा ना!

निवांत :
काकूंना नमस्कार सांगा 🙏

सासवडची लेक :
गुटख्याचं सगळे बोलतात, मशेरीचं कोण बोलणार? साधी पानाची तंबाखू बंदीत नाहीच. आई अजून तव्यावर भाजते, घरभर ठसका. आमच्याकडे बायका याला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात. वहिनीला दिवस गेले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बसवून सांगितलं, बाळाचं वजन कमी भरतं. तिने त्या दिवशी डबी दिली टाकून. आईला कोणी असं बसवून सांगितलंच नाही कधी. थांबा, कुकर झाला, नंतर लिहिते.

कोथरूड डेपो :
२००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी सिगरेट बंद, २०० रु दंड. आधी एसटीत मागच्या सीटवर विड्या ओढायचे लोक, मला हमखास उलटी व्हायची. आता कोणी पेटवली तर अख्खी बस ओरडते. हे खरंच बदललं, मान्य करायला हवं.

चहावाला कोपरा :
सिगरेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत ते धोक्याच्या इशाऱ्याचं चित्र असतं, पण सुटी सिगरेट घेणाऱ्याला पाकीट दिसतं कुठे? तो एक घेतो, टपरीवरच्या लायटरने पेटवतो, निघतो. कॉलेजची मुलं सुटीवरच सुरू होतात, खिशात पाकिटाचे पैसे नसतात. २०२० च्या सप्टेंबरात राज्याने सुटी विक्री बंद केली. मला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच वाटतो, आणि सगळ्यात कमी पाळला जातो तोही तोच.

हडपसर मुकादम :
+१. आणि कराचं बघा. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सिगरेटवर वरून सेस बसला, विडीवर नाही. माझी माणसं विडीवरच आहेत. त्यांच्या छातीची किंमत कमी आहे का?

पेठकरीण :
दादा, अगदी मनातलं बोललात. सोडायचं असेल त्यांना हा नंबर द्या, सरकारी आहे, फुकट : १८०० ११ २३५६.

हडपसर मुकादम :
देतो. उद्या साइटवर भिंतीवरच लिहितो.

सासवडची लेक :
आले परत. भाऊ तंबाखू सोडतोय, तोंडाला सारखं काहीतरी लागतं म्हणतो. काय देऊ? सुपारी नको.

निवांत :
आवळा! किसून सैंधव, थोडं आलं, जिरेपूड लावून वाळवायचा. आमच्या ह्यांना तोच देत होते मी.

सासवडची लेक :
उन्हातच ना? आमच्याकडे आभाळ आहे सध्या.

निवांत :
पंख्याखाली पसरव गं, वेळ लागतो पण होतो. मीठ बेतानं घाल, वाळल्यावर खारट होतो.