कॉम्प्युटरसाठी परवडणारे ५.१ स्पीकर: सिनेमातले संवाद ऐकू यायला हवेत

केतकी_लिहिते
नमस्कार मंडळी,
घरच्या डेस्कटॉपला सराउंड स्पीकर घ्यायचेत. बजेट बेताचं आहे, त्यामुळे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि सुटे स्पीकर हा थाट जमणार नाही. रात्री सगळं आवरलं की बाबा आणि मी डीव्हीडीवर सिनेमे बघतो. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पडद्यावर कुणी हळू बोललं की ते विचारतात, "काय म्हणाला गं तो?" म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी गाडी उडते नाहीतर पार्श्वसंगीत अंगावर येतं, आणि आई आतून ओरडते.

सध्या मॉनिटरच्या दोन बाजूंना दोन साधे स्पीकर आहेत. टेबल एका भिंतीला, आम्ही बसतो ती कॉट समोरच्या भिंतीला टेकलेली. कॉम्प्युटरच्या मागे ऑडिओची तीनच भोकं आहेत: हिरवं, निळं, गुलाबी.

दुकानात एक संच पाहिला. खोक्यावर ठळक ५.१ (म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर), खाली हजारो वॅट. विक्रेता म्हणाला, कुठल्याही कॉम्प्युटरला लागतो, वायरी नको असतील तर ब्लूटूथ आहेच. घेऊ का?

निवांत_श्रोता
माझं मत विचारशील तर एवढ्या लहान खोलीत ५.१ घेऊ नकोस. तेवढ्याच पैशात दोन चांगले स्पीकर येतात, आणि सहा सुमार स्पीकरांपेक्षा ते केव्हाही बरे. गाणी तर बहुतेक स्टिरिओच, म्हणजे डाव्या-उजव्या दोनच स्पीकरांसाठी असतात.

तारजोड
निवांत यांचं गाण्यांपुरतं अगदी बरोबर आहे, पण केतकीताईंची गरज वेगळी आहे. ५.१ ध्वनीत प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा, म्हणजे वेगळा चॅनल असतो, आणि बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. दोनच स्पीकर असले की प्लेअर तो चॅनल डाव्या-उजव्यात मिसळून टाकतो. मग संवाद आणि स्फोट एकाच पातेल्यात शिजतात, त्यातले नुसते संवाद वर काढायची सोय उरत नाही. शिवाय दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसलं तरच आवाज पडद्यातून आल्यासारखा वाटतो. कॉटवर दोघं बसलात की मध्ये कुणीच नसतं, त्यात बाबांचा एक कान कमजोर. त्यांच्यासाठी खरा सेंटर स्पीकर हवाच.

आता "खरा" का म्हणतो ते सांगतो. माझ्याकडे दुरुस्तीला असे बरेच संच येतात. उघडून पाहिलं तर आत येणारा सिग्नल दोनच चॅनलचा असतो. पुढचाच आवाज मागच्या दोन स्पीकरांना वाटलेला, आणि सेंटरला डावं-उजवं एकत्र करून दिलेलं. डबे सहा, चॅनल दोन. म्हणून खोक्यावरचं काही वाचू नका, सबवूफर उलटा करून त्याची पाठ बघा. लाल-पांढऱ्या इनपुटची एकच जोडी असेल तर तो संच तुमच्या कामाचा नाही. सहा इनपुट हवेत, किंवा ३.५ मिमीच्या तीन पिना: हिरवी पुढच्या जोडीची, काळी मागच्या जोडीची, नारिंगी सेंटर आणि सबवूफरची. एका पिनेतून दोन चॅनल जातात, म्हणून सहांना तीन लागतात.

ब्लूटूथचंही तेच. कॉम्प्युटरवरून ब्लूटूथने स्पीकरला जातं ते स्टिरिओच. विक्रेत्याचं "कुठल्याही कॉम्प्युटरला लागतो" हे खरं आहे, फक्त लागल्यावर ५.१ वाजत नाही.

वॅटचे हजारांतले आकडे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे असतात. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो आकडा तो छापतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. तुमच्या खोलीला पन्नास-साठ वॅट आरएमएस भरपूर झाले.

तीन भोकांची काळजी करू नका. बऱ्याच मदरबोर्डांवर ऑडिओ ड्रायव्हरमध्ये (आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ५.१ निवडलं की निळं भोक मागच्या स्पीकरांचं होतं आणि गुलाबी सेंटर-सबवूफरचं. माइक मग कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावायचा. पैसे देण्याआधी घरी ड्रायव्हरमध्ये हा पर्याय दिसतो का एवढं पाहून ठेवा. नसेल तर यूएसबीचं ५.१ साउंड कार्ड मिळतं, त्यावर तिन्ही भोकं वेगवेगळी असतात.

मधुरा_ध्वनी
कॉट भिंतीला टेकलेली आहे म्हणून थोडं मांडणीबद्दल. मागचे स्पीकर अगदी पाठीमागेच हवेत असं नाही. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) ५.१ मांडणीत सराउंड स्पीकर समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर असतात, म्हणजे कानाच्या जरासे मागे. कॉटच्या दोन्ही टोकांना, बसल्यावर कानाच्या वीतभर वर छोट्या फळ्या ठोका, काम होईल. त्यांच्या वायरी संचातल्या सगळ्यात लांब असतात, तरी भिंतीच्या कडेकडेने वळवून नेताना कमी पडतात. आधी दोरीने मोजून घ्या.

सेंटर मात्र मॉनिटरच्या मागे ढकलू नका. मॉनिटरखाली, टेबलाच्या कडेपर्यंत पुढे आणून ठेवा आणि खाली पुठ्ठ्याची पाचर लावून तोंड बाबांच्या कानाकडे उचला. संवादांमधली "स", "श", "फ" ही अक्षरं उंच पट्टीत असतात आणि स्पीकर टेबलाकडे तोंड करून बसला की आधी तीच हरवतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचे शब्द नेमके तिथेच निसटतात.

केतकी_लिहिते
मधुराताई, बाबांचं अगदी असंच होतं! "साठ" आणि "आठ" त्यांना सारखंच ऐकू येतं.

तारजोडदादा, तो संच उलटा करून पाहिला. लाल-पांढरी एकच जोडी. तिथेच दुसऱ्या एका साध्या दिसणाऱ्या संचाला तीन पिना होत्या, आरएमएस साठच्या आसपास आणि रिमोटवर सेंटरचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोय. घरी ड्रायव्हरमध्ये ५.१ चा पर्यायही दिसतोय, म्हणून तोच आणला. पण आता चाचणी करताना "सेंटर" दाबलं की सबवूफर घुमतो आणि सेंटर गप्प. वायर खराब आहे का?

तारजोड
वायर ठीक असणार. सेंटर आणि सबवूफर एकाच पिनेतून जातात आणि कुठला डाव्या बाजूला, कुठला उजव्या, यात कंपन्यांचं एकमत नाही. ड्रायव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये सेंटर-सबवूफर अदलाबदल असा पर्याय असतो, त्यावर खूण करा आणि परत चाचणी घ्या. मग सिनेमा लावताना डीव्हीडीच्या मेनूत ५.१ चा ऑडिओ ट्रॅक निवडा, आणि प्लेअरचं आउटपुट स्टिरिओवर राहिलेलं नाही ना तेही बघा. जुन्या सिनेमांच्या डिस्कवर बऱ्याचदा स्टिरिओच असतं, तिथे सेंटर गप्प राहील, तो दोष संचाचा नाही. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये स्पीकर फिल (स्टिरिओ आवाज बाकीच्या स्पीकरांनाही वाटणारा पर्याय) असेल तर चालू करा.

केतकी_लिहिते
अदलाबदल केली, सेंटर बोलायला लागला! रिमोटवर सेंटर चांगला वर घेतलाय आणि सबवूफर निम्म्यावर आणलाय. आता बाबांना बोलावते.