धर्मशिक्षणाचा पेपर घ्यावा का?

खडूफळा: कॅथलिक माध्यमिक शाळेतल्या धर्मशिक्षणाला इतर विषयांसारखे गुण हवेत. व्हॅटिकनच्या १९८८ च्या दस्तऐवजाने फरक स्पष्ट केलाय: शाळेत ज्ञान, श्रद्धेची जोपासना घरी आणि धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायात. ज्ञान असेल तर ते तपासायला हरकत काय? बिनगुणांचा तास वेळापत्रकात शेवटी ढकलला जातो, आणि क्रीडादिनाचा सराव आला की आधी तोच कापला जातो.

दिवेलागण: आणि विचारणार काय? येशूची बोधकथा घ्या: 'उधळ्या पुत्राच्या दाखल्यातून काय बोध घ्याल?', गुण पाच. सगळ्या उत्तरपत्रिकांत एकच ओळ: देव क्षमाशील आहे. शिक्षकाला हवं ते लिहायचं, एवढंच मुलं शिकतात. ढोंगाची तालीमच ही! त्याच दस्तऐवजात बिगरकॅथलिक मुलांच्या विवेकस्वातंत्र्याचा मान राखायला सांगितलंय, ते सोयीस्कर गाळलंत.

खडूफळा: दोष पेपरचा नाही, प्रश्नाचा आहे. असं विचारा: बायबलमधल्या लूक १५:२ मध्ये कुरकुर कोण करतंय, कशावरून? येशू पापी लोकांच्या पंक्तीला बसतो यावरून. मग त्याच अध्यायात उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचा राग कशावर? धाकटा परतला म्हणून दिलेल्या मेजवानीवरच. त्याने शेवटी काय केलं हे दाखल्यात का सांगितलेलं नाही? पुस्तक उघडं ठेवून लिहू द्या. किंवा मत्तय ५:३ आणि लूक ६:२० शेजारी ठेवा. एकीकडे धन्य ते 'आत्म्याने दीन', दुसरीकडे नुसते 'दीन'. अर्थ कुठे बदलतो, दहा ओळी. नास्तिक मुलालाही पैकीच्या पैकी मिळू शकतात.

तासिका_सातवी: हे तपासणार कोण? चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ८०४ प्रमाणे धर्मशिक्षकाकडे शुद्ध सिद्धांत, स्वतःच्या जगण्याची साक्ष आणि अध्यापनकौशल्य, तिन्ही हवं. प्रत्यक्षात ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय पडतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १ मध्ये, प्राणी आधी घडवले, माणूस नंतर. उत्पत्ती २ मध्ये उलटं. नववीतलं पोर हे बरोबर पकडतं. तयारी नसलेला शिक्षक 'श्रद्धा ठेव' म्हणून त्याला खाली बसवतो. हे दोन वेगळे वृत्तान्त आहेत, प्रत्येकाचा रोख वेगळा, हे सांगायला त्याने आधी दोन्ही अध्याय सलग वाचलेले हवेत.

दिवेलागण: उघड्या पुस्तकाचा पेपर चालेल. पण मग मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, हजेरीला आणि पाठ प्रार्थनांना अंतर्गत गुण देणं बंद करा, दृढीकरण संस्काराची तयारी धर्मग्रामाकडे सोपवा. हजेरीचे गुणही हवेत आणि 'आम्ही फक्त ज्ञान तपासतो' हेही, असं नाही चालणार.

खडूफळा: हजेरीचे गुण काढाच. पाठांतराचे मात्र थोडे राहू द्या. दहा आज्ञा क्रमाने न येणाऱ्याशी त्यांच्या अर्थावर काय बोलणार?